वाटीभर खसखस

दिवाळी तोंडावर आली होती. आशा ओट्यावर बसून चकलीची भाजणी चाळत होती आणि झुंबरबाई आपल्या पायांनी चालत तिच्या अंगणात आली. आता ही गोष्ट निमगाव सावा गावात कुणाला सांगितली असती तर कुणी खरी मानली नसती. चार वर्षं ही बाई आशाचं दार दिसलं की पदर तोंडावर ओढून रस्त्याच्या पलीकडून जायची.

"आशाबाई, हायेस का घरात?"

आशाबाई! गिरणीवर, नळावर, लग्नाच्या पंगतीत हीच बाई तिला 'ती अरबीण' म्हणायची. आज नावापुढं बाई लागली. गरज पडली की माणसाच्या जिभेला कशी पालवी फुटते बघा.

"या की झुंबरबाई, बसा," आशा म्हणाली. आवाज असा मऊ निघाला की तिचं तिलाच नवल वाटलं. तिनं चाळणी बाजूला ठेवली, हात झटकले आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली. आधणात तिनं साखर दोनदा टाकली. चार वर्षं ती ह्या दिवसाची वाट बघत होती.

झुंबरबाईनं बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि विषयाला हात घातला. तिचा थोरला, सयाजी, आळेफाट्याच्या गॅरेजात ट्रकची इंजिनं खोलायचा. हात चांगला होता त्याचा. मुंबईच्या एजंटानं त्याचं सौदीला जमवून दिलं होतं. रियाधला, कुठल्याशा कंपनीच्या गाड्यांवर. भाऊबीज झाली की निघायचं होतं.

"एजंट म्हणतोय तिकडचे कायदे लई कडक. कसं वागायचं, काय न्यायाचं, काय न्हाई, कायबी सांगत न्हाई त्यो, नुसता घाई करतोय. मला तर रात्रीची झोप न्हाई बघ. गावात तिकडचं पाणी पिऊन आलेली तू एकटी. म्हणलं तुलाच इचारावं."

तिकडचं पाणी पिऊन आलेली! हे शब्दसुद्धा तिचेच होते. चार वर्षांपूर्वी गिरणीवर तिनं हेच म्हटलं होतं, फक्त तेव्हा म्हणताना नाक मुरडलं होतं.

त्याचं असं झालं होतं. आशाचा नवरा संपत विहिरींच्या कामावर सुरुंग लावायचा. एक सुरुंग उडालाच नाही म्हणून बघायला खाली उतरला आणि तो तेव्हाच उडाला. पदरात एक पोर, अश्विनी. पुण्यातले एक डॉक्टर बायकामुलांना घेऊन रियाधला नोकरीला निघाले होते, त्यांना पोरं सांभाळायला आणि स्वयंपाकाला घरात राहणारी बाई हवी होती. आशानं काळजावर दगड ठेवला. पोरीला आपल्या आईकडं, साळुबाईकडं ठेवलं आणि विमानात बसली. चार वर्षं काळ्या अबायात, पायघोळ बुरख्यात राहिली. एकटी घराबाहेर पडली नाही, बाजाराला गेली तर डॉक्टरीणबाईंच्या मागं मान खाली घालून. परक्या पुरुषाशी बोलली नाही. देवाचा फोटो पेटीत साड्यांच्या खाली लपवून ठेवला आणि दिवाळीला दार बंद करून त्याला हळद-कुंकू वाहिलं. आली ती ताठ मानेनं आली. दोन पक्क्या खोल्या बांधल्या. आणि सयाजीशी अश्विनीचा साखरपुडा केला.

सहा महिने सगळं सुरळीत होतं. मग नारायणगावच्या एका द्राक्षबागायतदाराची मुलगी सयाजीला सांगून आली आणि झुंबरबाईच्या तोंडाला पाणी सुटलं. पण ठरलेलं मोडायचं तर काहीतरी कारण लागतं. पोरीत खोट काढावी तर पोरगी सोन्यासारखी. मग झुंबरबाईनं आईचं नाव काढलं. गिरणीवर दहा बायकांच्या देखत म्हणाली, "चार वर्सं अरबाच्या देशात एकटी बाई. काळ्या बुरख्यात कोण कुणासंगं गेलं, कुणाला दिसतंय गं? तिकडचं पाणी पिऊन आलेली ती. तिच्या पोटची आमच्या घरात नगं." आणि साखरपुड्यात मिळालेली मानाची साडी नारळासकट परत धाडली.

सयाजी? सयाजी मूग गिळून बसला. मी त्या पोरीशी लग्न करणार म्हणून एकदा तरी तोंड उघडायचं की नाही? नाही उघडलं. त्याला तोंड फक्त जेवायला दिलेलं असावं.

बदनाम घरातल्या पोरीला चांगलं स्थळ कोण देतंय? शेवटी पारनेरकडं, टाकळी ढोकेश्वरजवळ एका बिजवराला अश्विनी दिली. पहिलीची दोन पोरं. पोरगी हूं की चूं न करता बोहल्यावर उभी राहिली. त्या दिवशी आशानं अक्षता टाकताना दात असे आवळले होते की संध्याकाळपर्यंत जबडा दुखत होता. तिनं मनाशी म्हटलं होतं, झुंबरे, एक दिवस तुझी मान माझ्या हातात येईल.

आणि आता ती मान समोर बसून बशीतून चहा पीत होती.

"न भिता पाठवा," आशा म्हणाली. "आणि संध्याकाळी सयाजीला घेऊन या. सगळं नीट समजावून सांगते. पोर आपलंच हाय."

झुंबरबाईचे डोळे भरून आले. बघा आता! हिचे डोळे भरून आले.

संध्याकाळी मायलेक आले. सयाजी खाली मान घालून भिंतीशी टेकून बसला. त्याला आशाच्या नजरेला नजर देता येत नव्हती, आणि ते बघून आशाला जे बरं वाटलं ते काय सांगावं. पण तिनं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. दुपारभर तिनं मनाशी ठरवलं होतं. एक अक्षर खोटं बोलायचं नाही. खोटं बोलणं झुंबरबाईचं काम. आपण सांगू ते सगळं खरं, शंभर टक्के खरं.

"ऐक बाळा," तिनं सुरुवात केली. "हातातला गंडा, गळ्यातला खंडोबाचा टाक, सगळं हितंच काढून ठेव. अंगावर दिसलं तर कोणी ना कोणी हटकतंय. फोटो न्यायचाच असंल तर पाकिटात, पैशाच्या मागं ठेव, अन् कुनाला दावू नको."

सयाजीनं गळ्यातल्या टाकावर हात ठेवला. झुंबरबाई म्हणाली, "माझ्या आईनं नवसाचा घातलाय त्यो."

"काढून ठिवा म्हणते ना." आशाचा आवाज जरा वर चढला. "पोर महत्त्वाचं का टाक?"

झुंबरबाईनं स्वतःच्या हातानं लेकाच्या गळ्यातला टाक सोडला.

मग आशा सांगत गेली. चड्डीवर रस्त्यावर फिरायचं नाही, गुडघा झाकलेला पाहिजे. बांग झाली की दुकानं बंद होतात, तेव्हा शटरपुढं उभं राहून आरडाओरड करायची नाही, गप सावलीला जाऊन थांबायचं. रोजाच्या महिन्यात दिवसा उघड्यावर पाण्याचा घोट नाही, बिडी तर नाहीच. बायामाणसांकडं बघायचं नाही, लिफ्टमध्ये एकटी बाई असली तर दुसऱ्या लिफ्टची वाट बघायची. पासपोर्ट शेठ काढून घेईल, त्याची झेरॉक्स वेगळी ठेवायची. इकामा म्हणून तिथं राहायच्या परवान्याचं कार्ड मिळेल ते झोपतानासुद्धा उशाशी ठेवायचं. दारू, गुटखा, मशेरी, कसलं नाव काढायचं नाही. औषधाच्या गोळ्या नेल्या तर डॉक्टरची चिठ्ठी बरोबर पाहिजे.

"अन् हे शिकून घे." तिनं चहाचा रिकामा कप उचलला. "अरबाच्या घरी कावा देतात, त्यांची बिनदुधाची कॉफी, इवल्याशा कपात. उजव्या हातानं घ्यायचा. पुरे झालं की कप असा हलवायचा, दोनदा. न्हाई हलवला तर भरतच राहतो त्यो."

सयाजीनं कप हातात घेतला आणि हलवला.

"डावा हात न्हाई. उजवा."

त्यानं परत हलवला. एवढा ट्रकची इंजिनं उचलणारा गडी, भांबावलेल्या पोरासारखा कप हलवत बसला होता. आशानं त्याला चारदा तरी करायला लावलं. एकदाच पुरलं असतं. पण तिला मजा येत होती.

"लई उपकार झाले, मावशी," तो म्हणाला. चार वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिला हाक मारली.

उठता उठता झुंबरबाईनं विचारलं, "अन् खायाचं? दिवाळीचं काय देऊ का नगं त्याच्याबरबर?"

इथं जरा थांबून तुम्हाला एक गोष्ट सांगायला पाहिजे, कारण आशाच्या मनात त्या क्षणी तीच गोष्ट उभी राहिली.

रियाधच्या पहिल्या दिवाळीला आशानं डॉक्टरीणबाईंना सांगितलं होतं की अनारशाचं पीठ मुरलंय, बाजारातून तेवढी खसखस आणा. डॉक्टरीणबाईंच्या हातातली कपबशी पडायची राहिली. "आशा, हे नाव परत तोंडातून काढायचं नाही," त्या म्हणाल्या. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. आपल्याकडं बाळंतिणीच्या खिरीत घालतात, अनारशाला लावतात, वाटणात घालतात. त्या देशात तिला अफूच धरतात. डॉक्टरांच्या दवाखान्यातला एक हैदराबादचा वॉर्डबॉय सुट्टीवरून येताना आईनं दिलेला मसाला घेऊन आला होता. त्यात खसखशीची पुडी होती. विमानतळावरून त्याला जो उचलला तो परत दवाखान्यात दिसलाच नाही. त्याची आई इकडून सारखा फोन करायची आणि डॉक्टर फोन घ्यायचे बंद झाले. गावी आल्यावर आशानं ही गोष्ट अश्विनीला किती तरी वेळा सांगितली होती. बाकी कुणाला सांगायची वेळ आली नव्हती.

"चकली, शेव, लाडू खुशाल द्या," आशा म्हणाली. "कोरडं तळलेलं चालतं." हे खरंच होतं.

"अन् अनारसं? ह्याला माझ्या हातचं अनारसं लागतंच बघ. दुसरं काय दिलं न्हाई तरी चालतंय."

झुंबरबाईचे अनारसे साऱ्या पंचक्रोशीत नावाजलेले. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, फडक्यावर सुकवून, गुळात मुरवलेले. तुपात सोडले की जाळी अशी सुटायची की आरपार दिसावं. आणि वरून खसखस अशी दाट की पुरीचा रंग दिसू नये.

आशा एवढंच म्हणाली, "आईच्या हातचं लेकाला द्यायला कुणाला इचारायचं व्हय, झुंबरबाई?"

ह्यातही खोटं काय होतं? एक अक्षर खोटं नव्हतं. मायलेक गेल्यावर आशानं दार लावलं आणि ती एकटीच हसली. असं हसू तिला संपत गेल्यापासून आलं नव्हतं.

आठवडाभरानं झुंबरबाई परत आली. "आशाबाई, अनारशाचं पीठ झालं, पण खसखस पुरंना गं. दुकानदाराकडं संपलीय, बेल्ह्याला मिळंना. आता निम्म्या अनारशांना साखर लावावी म्हणते."

साखर लावली असती तर? निम्मे साखरेचे, निम्मे खसखशीचे, आणि ऐन वेळी डब्यात साखरेचेच भरले असते तर सगळंच मुसळ केरात! आशा उठली, फडताळ उघडलं. तिची स्वतःची खसखस होती, डब्यात वाटीभर. तिनं ती वाटी तोंडापर्यंत भरली.

वाटी हातात असताना झुंबरबाई म्हणाली, "सून पोटुशी हाय, नारायणगावला माहेरी गेलीय. पोर झाल्यावर बाप कवा बघणार, द्येवाला ठावं. आतापासूनच रडती ती."

खरं सांगायचं तर त्या वेळी आशाचा हात थांबला. त्या पोटातल्या जिवानं कुणाचं काय वाकडं केलं होतं? शब्द ओठांवर आला होता. तेवढ्यात झुंबरबाईनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "तुझ्या अश्विनीचं बरं चाललंय ना? बिजवर असला तरी खाऊन पिऊन सुखी हाय म्हणत्यात. एकेकीच्या नशिबात असतंय."

नशिबात! ह्या बाईनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं नशीब!

"घ्या," आशा म्हणाली आणि वाटी तिच्या हातात दिली. "सगळी लावा. हात आखडू नका."

त्यानंतर आशा सुखात होती. दिवाळीची अंगणं सारवताना, रांगोळी घालताना तिच्या डोळ्यांपुढं एकच चित्र होतं. पांढऱ्या टेबलावर स्टीलचा डबा, खाकी कपड्यातला माणूस झाकण उघडतोय, बोटाच्या टोकाला दाणे लावून बघतोय. मग गावात झुंबरबाई फोनच्या बूथवर उभी, आणि फोन कुणी उचलत नाही. मग गावातल्या बायका गिरणीवर तिच्याकडं बघून कुजबुजतायत. पोरगा तिकडं काय धंदे करत होता कुणास ठाऊक! आशा त्या बायकांत उभी राहून एकच वाक्य बोलणार होती. ते वाक्यही तिनं ठरवलं होतं. तिकडचं पाणी, झुंबरबाई, सगळ्यांनाच पचतंय असं न्हाई.

पाडव्याला अश्विनी आली. नवऱ्याची दोन्ही पोरं तिच्या पदराला धरून, 'आई, आई' करत. भाऊबीजेला तिनं चुलतभावांना ओवाळलं, आणि संध्याकाळी भांडी विसळता विसळता म्हणाली, "सयाजी सौदीला चाललाय म्हणं. तू सगळं सांगितलंस, बरं केलंस आई. झालं गेलं."

"झालं गेलं?" आशाच्या हातातलं ताट दणकन खाली आलं. "तुझं रक्त हाय का पाणी गं?"

"मला संसार हाय आई. मला कवर तेच उगाळत बसायला येळ न्हाई." मग तिनं विचारलं, अगदी सहज, "खसखशीचं सांगितलंस ना त्याला?"

"सांगितलं," आशा म्हणाली.

साऱ्या ह्या कामात तिच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खोटं. आणि ते कुणाला सांगितलं? पोटच्या पोरीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या दादाभाऊची जीप भरून आळेफाट्याला गेली. सयाजीला कल्याणची एसटी धरायची होती, माळशेजवरून. अश्विनीला नगरची. ती बेल्ह्यालाही बसू शकली असती, पण दिवाळीत गाड्या फाट्यावरच भरून येतात, मध्ये हात केला तर थांबत नाहीत. दोन पोरं घेऊन उभ्यानं कुठं जाणार? म्हणून तीही जीपमध्ये. आशाला जायचं नव्हतं. पण लेकीला पोचवायला आई नाही गेली तर लोक काय म्हणतील? आणि आतून तिला बघायचंही होतं. तो डबा पिशवीत बसून माळशेजच्या वाटेला लागलेला तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता.

स्टँडवर ही गर्दी. शेव-भजीचा वास, फेरीवाल्यांचा गलका. सयाजीच्या गळ्यात पिवळा हार. गळ्यातल्या टाकाची जागा मोकळी होती आणि तो सारखा तिथं हात नेत होता. कल्याणची गाडी लागली. दादाभाऊनं मोठी बॅग वर चढवायला उचलली तेवढ्यात झुंबरबाई ओरडली, "थांब रं, तोंड गोड केल्याबिगर कुठं चाललास!"

तिनं हातातल्या पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं. वरच्या थरात अनारसे कसे मांडलेले होते! पहिला अनारसा तिनं अश्विनीपुढं धरला. "घे बाई. सासुरवाशीण हायेस. तुझ्यापासून सुरुवात."

आशा पुढं झाली. "तिला नगं, तिला पित्त व्हतं तुपाचं."

"मला कवा पित्त झालं?" अश्विनी हसत म्हणाली आणि तिनं अनारसा घेतला.

तोंडाशी नेला. थांबली. बोटाला चिकटलेले दाणे तिनं बघितले.

"काकू, हा डबा सयाजी घेऊन चाललाय?"

"मग कुणासाठी रातभर चुलीपाशी बसले मी?"

"ह्याला खसखस लावलीय."

"लावनारच की. तुझ्या आईनंच दिली वाटीभर. न्हाईतर कुठं व्हती खसखस?"

अश्विनीनं आईकडं बघितलं. फार वेळ नाही. मग ती सयाजीकडं वळली आणि जोरानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "सयाजी, हे एक दाणासुद्धा न्यायचं न्हाई. तिकडं खसखशीला अफू धरत्यात. विमानतळावरच जेल होती. मसाला नेतोयस का? कोणता?"

सयाजीचं तोंड पांढरंफटक पडलं. बॅग खाली आली, तिथंच स्टँडच्या फरशीवर उघडली. काळ्या मसाल्याची पिशवी निघाली, तीतही खसखस वाटून घातलेली. अश्विनीनं त्याचे सदरे एकेक करून झटकले, पँटचे खिसे उलटे केले, बॅगेच्या कोपऱ्यात बोटं फिरवली. हार घातलेला सयाजी गुडघ्यांवर बसून बॅग उलटी करून आपटत होता. बघे जमले. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली, आणि दादाभाऊनं त्याला हात जोडून थांबवलं.

ह्या सगळ्यात आशाशी कुणी एक शब्द बोललं नाही. डबा बाजूला ठेवल्यावर झुंबरबाई सरळ झाली आणि तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आशे, तुला म्हाईत व्हतं?"

विसरले, असं म्हणता आलं असतं. पण वाटीभर खसखस विसरून कशी देता येते? आणि आता लपवायचं तरी काय राहिलं होतं? आशाच्या आतला चार वर्षांचा राग एकदम उसळून वर आला.

"व्हतं! म्हाईत व्हतं! तू माझ्या पोरीचा साखरपुडा मोडलास, मला रांड ठरवलंस गिरणीवर, दहा जणींत! तवा तुझ्या जिभेला हाड व्हतं का? माझी पोर बिजवराच्या घरी गेली ती तुझ्यापायी! तुझं पोर जरा आत बसलं असतं तर कळलं असतं तुला पोटात कसं तुटतंय!"

बोलून झाल्यावर तिला धाप लागली होती. झुंबरबाई ओरडेल, झिंज्या धरेल, असं तिला वाटलं. तिला तेच हवं होतं. भांडायची सोय झाली असती.

पण झुंबरबाई हळू आवाजात म्हणाली, "मी खोटं बोलले व्हते तुझ्यावर. माझं मला म्हाईत हाय. गावालाबी म्हाईत व्हतं. खोटं व्हतं म्हणून तर तू गावात ताठ मानेनं फिरायचीस, अन् माझी मान खाली जायाची." तिनं पदर सारखा केला. "आता तुझ्याबद्दल बोलायचं झालं तर मला खोटं बोलायची गरज न्हाई, आशे."

सयाजी आईच्या पाया पडला. मग आशापाशी येऊन थांबला. पाया पडायला वाकला नाही. नुसता विचारत होता, रागानं नव्हे, घाबरून. "मावशी, बाकीचं जे सांगितलंत... कपाचं, इकाम्याचं, रोजाचं... ते तरी खरं हाय ना?"

"खरं हाय बाळा," आशा म्हणाली. "सगळं खरं हाय. देवाशपथ."

सयाजीनं ऐकलं, आणि मान वळवून अश्विनीकडं बघितलं. अश्विनीनं मान हलवली तेव्हा कुठं तो गाडीत चढला.

कल्याणची गाडी गेली. सगळे जीपकडं गेले. आशा, अश्विनी आणि दोन पोरं नगरच्या गाडीची वाट बघत फलाटावर राहिली. पश्चात्ताप झाला असं म्हणाल तर अजून झाला नव्हता. आशाला एकच चुटपुट लागली होती, की तो पहिला अनारसा दुसऱ्या कुणाच्या हातात का नाही गेला. ती लेकीला म्हणाली, "तुझ्यासाठी केलं मी. तुझे हाल बघवंनात म्हणून केलं."

अश्विनी धाकट्याच्या स्वेटरची बटणं लावत होती. वर न बघता बोलली.

"माझ्या नावावर घालू नगंस, आई. तू तिकडं असताना शाळेत पोरी मला चिडवायच्या. तुझी आई अरबानं ठेवलीय म्हणायच्या. मी दोघींच्या झिंज्या उपटल्या, मास्तरांचा मार खाल्ला. साखरपुडा मोडला तवा आज्जी रडली, तू रडलीस. मी रडले का? आठव. न्हाई रडले. कारण खोटं व्हतं ते. माझी आई तशी न्हाई हे मला म्हाईत व्हतं. खोट्यासाठी कोण रडतंय?"

नगरची गाडी आली. लोक धावले. अश्विनीनं एका पोराला कडेवर घेतलं, दुसऱ्याचा हात धरला आणि चढली. खिडकीपाशी जागा मिळाली. आशानं फराळाची पिशवी वर केली. आजूबाजूचे बघत होते म्हणून अश्विनीनं ती घेतली आणि मांडीवर ठेवली.

"पोचलीस की फोन कर," आशा खालून म्हणाली.

अश्विनीनं तोंड आत वळवलं, पण काचेतून दिसत होतं. तिचे खांदे हलत होते, आणि थोरला पोरगा तिच्या गालांवरून हात फिरवून विचारत होता, आई, काय झालं, आई, कोण बोललं तुला? गाडी बेल्ह्याच्या रस्त्याला लागेपर्यंत आशा ते बघत उभी राहिली.